बारूद बांधणारे हात

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या बचत गटातली एक जण उशिरा आली. नागपूरजवळच्या एका खेड्यातली, वय असेल तिशीच्या आसपास. वाण घ्यायला तिने हात पुढे केला, तर मनगटात एकही बांगडी नाही. गळाही मोकळा. आमच्यातल्या एक आजी लगेच म्हणाल्या, "काय गं बाई, सवाष्ण ना तू? सणाच्या दिवशी असे भुंडे हात?"

ती हसली. म्हणाली, "आजी, ड्युटीवरून सरळ येऊन राहिली ना मी. बारूद कंपनीत आहे. गेटवरच सगळं काढून ठेवा लागते. बांगड्या, मंगळसूत्र, केसातली पिन, मोबाइल. आत काहीच नेता येत नाही."

आजी गप्प झाल्या. तिळगूळ वाटून झाले, उखाणे झाले, हसणंखिदळणं झालं. पण माझ्या डोळ्यांपुढून ते मोकळे हात काही जाईनात.

मैत्रिणींनो, नागपूर म्हटलं की आपल्याला संत्री आठवतात, सावजीचा झणझणीत रस्सा आठवतो. पण आपल्या नागपूरची आणखी एक ओळख आहे, ती म्हणजे दारूगोळ्याची. अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी १९६६ पासूनची. तिकडे भंडाऱ्याजवळ जवाहरनगरची फॅक्टरी, वर्धा जिल्ह्यात पुलगावचा मोठा दारूगोळा डेपो. शिवाय आपल्याकडे कोळशाच्या खाणी. खाणीत सुरुंग लावायचा तर स्फोटकं हवीत, म्हणून शहराभोवती खासगी कारखाने उभे राहिले. त्यातलेच काही आता लष्करासाठी शस्त्रं बनवतात.

आणि ही शस्त्रं कशी बदलत चालली आहेत, ते वाचलं की नवल वाटतं. हातबॉम्बचंच बघा. आपले जवान वर्षानुवर्षं जो ३६ नंबरचा हातबॉम्ब वापरत, त्याची मूळ घडण पहिल्या महायुद्धाच्या काळातली! त्याची जागा घ्यायला संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डीआरडीओने, नवा हातबॉम्ब तयार केला. तो बनवायचं काम नागपूरच्या सोलर समूहातल्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्हज या कंपनीला मिळालं. १० लाख नगांचा करार २०२० मध्ये झाला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये इथेच, नागपुरात, तो लष्कराच्या हाती दिला गेला. बाहेरचं आवरण चढवलं की एक काम, काढलं की दुसरं, असा तो दुहेरी उपयोगाचा आहे.

त्यानंतर आलं 'नागास्त्र'. हे छोटंसं विमानच म्हणा ना! वजन ९ किलोच्या आसपास, आणि सगळा सरंजाम दोन बॅगांत भरून पाठीवर नेता येतो. आकाशात घिरट्या घालत लक्ष्य शोधायचं आणि सापडलं की त्यावर झेपावायचं. नाहीच सापडलं तर पॅराशूट उघडून सुखरूप परत खाली यायचं. ४८० नगांपैकी पहिले १२० जून २०२४ मध्ये लष्कराला मिळाले. जवानाने शत्रूच्या तोंडापुढे जायला नको, लांबूनच काम व्हावं, हा त्यामागचा विचार.

बायकांचा विचार या धंद्याने केला नाही असं नाही हं. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर आणलं होतं. दिल्लीच्या निर्भयाची आठवण म्हणून हे नाव. पर्समध्ये मावेल असं, वजन अर्धा किलो, आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात! ते कुणाच्या पर्समध्ये जाणार, हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. हलकं, लांबून वापरता येणारं, वापरणाऱ्याला कमीत कमी धोका असलेलं, असा आजच्या शस्त्रांचा कल आहे. ते योग्यच आहे. आपली मुलं सीमेवर असतात, त्यांचा जीव लाखमोलाचा. पण बाई गं, शस्त्र वापरणाऱ्याचा जेवढा विचार झाला, तेवढा बारूद भरणाऱ्या, बांधणाऱ्या हातांचा झाला का?

१७ डिसेंबर २०२३ची ती रविवारची सकाळ नागपूरकर विसरलेले नाहीत. बाजारगावला याच सोलर समूहाच्या कारखान्यात, खाणीतल्या सुरुंगाला लागणाऱ्या बूस्टरच्या विभागात स्फोट झाला. ९ जण गेले, त्यांतल्या ६ बायका. सहा महिने होत नाहीत तोच १३ जून २०२४ ला धामण्याच्या एका स्फोटकांच्या कारखान्यात पुन्हा तेच. तिथे गेलेल्यांत बहुतेक मुली विशी-तिशीतल्या. जानेवारी २०२५ मध्ये जवाहरनगरला ८ कामगार गेले. फॅक्टरी सरकारी असो की खासगी, बारूद भेदभाव करत नाही.

पॅकिंगला बायकाच जास्त का? मी तिला विचारलं, तर ती सहज म्हणाली, "ताई, आमचे हात हलके असतात म्हणते साहेब." घरात सुईदोरा, कुरड्या-पापड्या, वळवट करून सवयीचे झालेले हात! तेच हात इथे बारूद बांधतात. शेतात बाराही महिने काम नसतं, आणि कंपनीची बस गावात येते. मग का नाही जाणार?

हे काम सुरक्षितपणे करता येतच नाही असं मुळीच नाही. थंडीत सिंथेटिक साडी किंवा स्वेटर काढताना चटचट होतं, ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. तेवढीशी ठिणगी बारुदाला पुरते. म्हणून आत सुती कपडे, वेगळी पादत्राणं, खिळा नाही, धातू नाही. एका शेडमध्ये माल किती किलो असावा आणि माणसं किती असावीत, याची मर्यादा ठरलेली असते. दोन शेडमध्ये अंतर आणि मातीचे उंच बांध, ते अशासाठी की एकीकडे काही झालं तर दुसरीकडे पोचू नये. घाईने जास्तीचा माल आत आणला, जास्तीच्या बाया बसवल्या, की हे सगळं व्यर्थ. आणि या नियमांवर देखरेख करणारी देशाची पेसो ही संस्था, तिचं मुख्यालय कुठे आहे माहीत आहे? आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सवर!

त्या दिवसानंतर आमच्या गटात आम्ही एक ठरवलं. कारखान्यात जाणाऱ्या प्रत्येकीने चार गोष्टी बघायच्याच. नियुक्तीपत्र हातात आहे का? नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे ते प्रत्येक कामगाराला मिळालंच पाहिजे, कंत्राटी असली तरी. ईएसआयचं कार्ड निघालं आहे का? कामावर जीव गेला तर त्यावरच मागे राहिलेल्यांना दरमहा पैसे मिळतात. पीएफ कापतात तो जमा होतो का? आणि शेडच्या दारावर माणसांचा नि मालाचा जो आकडा लिहिलेला असतो, तो वाचता येतो का? आमच्यातल्या तिघींना येत नव्हता. त्यांना आता आम्ही आकडे शिकवतो आहोत. जास्तीची माणसं बसवली तर एकटीने बोलायला भीती वाटते, पण दहा जणी मिळून सुपरवायझरला विचारू शकतात.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला आजी आल्या त्या पिशवीत काचेच्या हिरव्या बांगड्यांचं डझन घेऊन. त्या पोरीच्या हातात देत म्हणाल्या, "कंपनीत नको घालू बाई. घरी आल्यावर घाल. पण रोज घरी येत जा."

ती काही बोलली नाही. आम्हीही कुणी बोललो नाही. नागपूरचं नागास्त्र पेपरात दिसलं की आपली मान ताठ होते, आणि ती व्हावीच. फक्त त्या वेळी हे मोकळे हातही आठवावेत, एवढंच.