प्रक्रियकाची नोंदवही वाचताना

मागच्या पावसाळ्यात मावळातील एका शाळेत जाण्याचा योग आला. तेथील चार संगणकांपैकी एक सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटे बरा चाले, मग गोगलगाय होई. विषाणू शिरला असेल या शंकेने शिक्षकांनी सारी प्रणाली दोनदा नव्याने घातली होती. आता तो भंगारात काढण्याचा अर्ज तयार होता. म्हटले, सही करण्यापूर्वी प्रक्रियकालाच विचारू या.

रजिस्टर म्हटले की आपल्याला हजेरीपट आठवतो. प्रक्रियकातील रजिस्टर म्हणजे काही मोजक्या बिटांची, अतिशय वेगवान अशी नोंदीची जागा. माझ्या शाळकरी वयात डॉसमधील 'डीबग' ही आज्ञा देऊन नुसते 'आर' टंकले, की एएक्स, बीएक्स अशी रजिस्टरे आकड्यांसह पडद्यावर येत. ती हिशेबाची रजिस्टरे. याखेरीज प्रक्रियक स्वतःच्या प्रकृतीच्याही नोंदी ठेवतो. त्या रजिस्टरांना एमएसआर म्हणतात. ती सामान्य प्रोग्रामला वाचता येत नाहीत. प्रणालीच्या गाभ्याचीच परवानगी लागते.

त्या यंत्रावर लिनक्स होते आणि प्रक्रियक इंटेलचा. 'एमएसआर-टूल्स' हा छोटा संच घातला, प्रशासकाच्या अधिकाराने 'मॉडप्रोब एमएसआर' ही आज्ञा दिली आणि मग 'आरडीएमएसआर -पी ० ०एक्स१९सी' (टंकायचे अर्थात रोमन लिपीत). यातला शून्य म्हणजे पहिला गाभा, आणि १९सी हा तापमानाच्या रजिस्टराचा षोडशमान क्रमांक. उत्तर आले: ८८०४०००२.

हा आकडा फळ्यावर फोडून दाखवण्याजोगा आहे. षोडशमान पद्धतीतला प्रत्येक अंक म्हणजे चार बिटे. बिटे उजवीकडून, शून्यापासून मोजायची. डावीकडच्या पहिल्या ८ मुळे ३१ वा बिट १ आहे, म्हणजे वाचन ग्राह्य. १६ ते २२ या बिटांत ४ आहे. हे तापमान नव्हे! कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, ते हा आकडा सांगतो. वळवण धरण काठोकाठ भरायला किती फूट उरले, असे सांगावे तसेच हे. मर्यादा १ए२ या रजिस्टरात, १६ ते २३ या बिटांत असते. येथे ती १०० होती, म्हणजे तापमान ९६ अंश सेल्सिअस.

शेवटचा २ मला अधिक मोलाचा वाटला. द्विमानात तो ००१०. शून्यावा बिट 'आत्ता मर्यादा गाठली आहे का' ते सांगतो. तो ० होता. पहिला बिट 'मागे कधी गाठली होती का' ते सांगतो. तो १ होता. हा बिट एकदा उठला की मुद्दाम पुसेपर्यंत किंवा यंत्र बंद होईपर्यंत तसाच राहतो. मर्यादा गाठली की प्रक्रियक जीव वाचवायला आपला वेग आपणच उतरवतो. म्हणजे विषाणू नव्हताच.

यंत्र बंद करून उघडले. भातझोडणीच्या दिवसांतला भुसा आणि लोणावळ्याकडची दमट हवा यांनी मिळून पंख्याखालच्या पात्यांवर घोंगडीच विणली होती! ती मऊ कुंचल्याने काढली, वाळलेला उष्णतावाहक लेप पुसून नवा लावला. अर्ध्या तासाच्या कामानंतर तीच आज्ञा दिली: ८८२६००००. षोडशमान २६ म्हणजे दोन सोळे बत्तीस अधिक सहा, अडतीस. तापमान ६२ अंश, आणि शेवटी शून्य.

आपल्या शाळेत हे करताना दोन गोष्टी सांभाळा. हे क्रमांक इंटेलचे आहेत; एएमडीच्या प्रक्रियकावर ते लावू नयेत. आणि याच संचात 'डब्ल्यूआरएमएसआर' ही लिहिण्याची आज्ञाही असते. तिला हात लावू नका. चुकीच्या जागी लिहिलेला एक आकडा चालते यंत्र जागीच गोठवू शकतो.

अर्ज मागे घेतला गेला. मुलांनी आता चारही संगणकांचे आकडे दर सोमवारी एका वहीत उतरवायला घेतले आहेत. खिडकीजवळचा दुसरा संगणक सध्या ७९ वर आहे.