डोक्यावरचे आवाळू : कधी सोडावे, कधी दाखवावे



डोक्यावर लिंबाएवढे आवाळू असलेली एखादी आजी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. “वीस वर्षे झाली, दुखत नाही, खुपत नाही,” असे म्हणून ती पदर पुढे ओढते. तिचे म्हणणे बहुधा खरेच असते.

केसाच्या मुळाभोवती पेशींचे एक आवरण असते. या आवरणाच्या पेशींची त्वचेखाली एक बंद पिशवी तयार होते आणि तिच्यात केराटिन साठत राहते. आपले केस आणि नखे ज्याची बनतात तोच हा पदार्थ. पुष्कळ लोक हिला चरबीची गाठ म्हणतात, पण आत चरबी नसते. अशा १०० गाठींपैकी सुमारे ९० डोक्यावरच येतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्या अधिक दिसतात आणि काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. साधे आवाळू जिवाला धोका करत नाही. ते काढलेच पाहिजे असेही नाही.

काही थोड्या गाठींत मात्र पिशवीच्या अस्तराच्या पेशीच वाढू लागतात. आधी पिशवी नुसती भरत होती. आता तिची भिंत आतल्या बाजूने घड्या पडत जाड होत जाते. डॉ. विल्सन जोन्स यांनी १९६६ साली अशा गाठींचे वेगळे वर्णन केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कर्करोगासारख्या भासतात, पण बहुतेक सौम्य असतात. डॉक्टर त्यांना ‘प्रोलिफरेटिंग पायलर सिस्ट’ म्हणतात. आपण ‘वाढते आवाळू’ म्हणू. ते बहुधा उतारवयातल्या स्त्रियांच्या डोक्यावर आढळते.

यांतल्या थोड्यांचा पुढे खरोखरच कर्करोग होतो. तो आजूबाजूच्या भागात घुसतो, मानेतल्या लसिकाग्रंथींत पोचतो, क्वचित त्याहून दूर जातो. म्हणून वर्षानुवर्षे गप्प असलेली गाठ काही महिन्यांत भराभर वाढली, ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, तिच्यावरची कातडी फुटून जखम भरेना, रक्त किंवा दुर्गंधी येऊ लागली, किंवा मानेत नवी गाठ लागली, तर थांबू नये. डोके सोडून इतरत्र आलेल्या वाढत्या आवाळूकडे तर अधिक संशयाने पाहावे लागते. चुना लावणे, दोरा आवळणे, सुईने फोडणे हे प्रकार कोणत्याच आवाळूवर करू नयेत. जखम चिघळते आणि खरे दुखणे झाकले जाते.

गाठ नुसती पाहून ती सौम्य की घातक, हे जाणकार डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. पुष्कळदा होते असे की, भूल देऊन गाठ काढली जाते, टाके पडतात आणि गाठ बादलीत जाते. तिथेच घात होतो. काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजी तपासणीला गेलीच पाहिजे, आणि शक्यतो अखंड. नुसता तुकडा फसवू शकतो, कारण निदान बरेचसे गाठीच्या कडेवर ठरते: कड गुळगुळीत आहे, की पेशी शेजारच्या भागात शिरल्या आहेत? तज्ज्ञांनाही हा निवाडा कधी कधी जड जातो. कर्करोग निघालाच तर भोवतालच्या निरोगी कातडीची सुमारे १ सेंटिमीटरची कड ठेवून पुन्हा शस्त्रक्रिया करतात.

दूरच्या पाड्यावरच्या बाईचे टाके निघाले की तिच्या दृष्टीने काम संपलेले असते. अहवाल त्यानंतर येतो. तो आणायला पुन्हा एस.टी.चे भाडे आणि एका दिवसाची मजुरी कोण घालवणार? आपल्यापैकी कोणी अशा बाईसोबत दवाखान्यात गेले तर डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात : गाठ तपासणीला पाठवणार का, आणि अहवाल कधी मिळेल? त्या तारखेला अहवाल आपणच आणावा, डॉक्टरांना दाखवावा आणि मूळ कागद तिच्या घरी जपून ठेवायला द्यावा. वाढते आवाळू काढल्यानंतरही त्याच जागी पुन्हा येऊ शकते, म्हणून पुढची काही वर्षे डॉक्टर सांगतील तेव्हा डोके आणि मान तपासून घ्यावी लागते. त्या वेळी तो जुना कागद लागतो.