इंग्रजी क्रियापद आणि आपले ‘आहे’

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गातच इंग्रजी सुरू झाले. ज्यांनी स्वतः पाचवीत गेल्यावर ही अक्षरे प्रथम पाहिली, असे पुष्कळ आईबाप त्यानंतर मुलांच्या वह्या पाहताना अडखळू लागले, आणि चाळिशीत पुन्हा व्याकरणाचे पुस्तक घेऊन बसले. आपण त्यांच्यापैकी असाल, तर बारा खणांचा तो तक्ता आपल्याला नक्कीच भेटला असेल. तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार. आणि शेजारी ‘गो-वेंट-गॉन’ची घोकंपट्टी. तक्ता खोटा नाही. पण मराठी माणूस नेमका कोठे घसरतो, हे तो सांगत नाही.

आधी जे सोपे आहे ते पाहू. मराठीत मी गेलो, तू गेलास, ती गेली, त्या गेल्या. इंग्रजीत या सगळ्यांना एकच ‘वेंट’. आपल्याकडे रामाने आंबा खाल्ला, पण पोळी खाल्ली आणि लाडू खाल्ले. खाणारा एकच, तरी क्रियापद कर्माच्या मागे धावते. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘एट’. ‘असणे’ या अर्थाचे क्रियापद सोडले, तर लक्षात ठेवायचे ते एवढेच, की वर्तमानकाळी ‘ही’, ‘शी’, ‘इट’ यांच्यापुढे क्रियापदाला ‘स’ लागतो. ‘आय गो’, पण ‘शी गोज’. ‘गो’चे ‘वेंट’ कसे काय झाले म्हणून रागावू नका. ते ‘वेंड’ नावाच्या दुसऱ्याच एका जुन्या क्रियापदाचे रूप आहे. आणि आपल्या ‘जा’चे ‘गेला’ तरी कसे होते? ‘जा’ संस्कृत ‘या’पासून आला, ‘गेला’ हा ‘गत’पासून. आपण लहानपणी ते तोंडाने शिकलो, म्हणून कधी नवल वाटले नाही, इतकेच.

खरी अडचण ‘हॅव’ची आहे. ‘मी पंढरपूर पाहिलं आहे’ याला आपल्या शालेय व्याकरणात पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. ‘आय हॅव सीन पंढरपूर’ यालाही तेच नाव. नाव एक, म्हणून वापरही एक असे आपण धरून चालतो आणि फसतो. ‘मी दोन वर्षांपूर्वी पंढरपूर पाहिलं आहे’ असे आपण सहज बोलतो. इंग्रजीत मात्र ‘टू इयर्स अगो’ हे शब्द आले, की ‘हॅव’ने तेथून उठून जायचे. ‘आय सॉ पंढरपूर टू इयर्स अगो’ असेच म्हणावे लागते. कारण ‘हॅव’ हा वर्तमानकाळ आहे. तो आजच्या दिवसात उभा असतो. ‘काल’, ‘गेल्या वर्षी’, ‘२०१५ साली’ हे शब्द वाक्याला सरलेल्या वेळेत नेऊन ठेवतात. इंग्रजी या दोघांना एका वाक्यात बसू देत नाही. नोकरीच्या अर्जात ‘आय हॅव पास्ड बी.ए. इन २०१५’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचले आहे, की आता हात आपोआप ‘हॅव’वर काट मारतो.

आता याची उलट बाजू पहा. ती अधिक महत्त्वाची आहे. एखाद्या रुग्णालयातील परिचारिकेला डॉक्टरांना सांगायचे आहे, ‘यांना तीन दिवस ताप आहे.’ ती म्हणाली, ‘ही हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’. डॉक्टर समजणार, ताप येऊन गेला, आता नाही. अंगात ताप असताना तो उतरल्याची बातमी गेली! म्हणायला हवे होते, ‘ही हॅज हॅड फीव्हर फॉर थ्री डेज’. ‘हॅज’ आणि ‘हॅड’ शेजारी शेजारी पाहून नवशिका दचकतो. त्यातला पहिला नुसता साहाय्यक, दुसरे मुख्य क्रियापद. मराठीत चालू असलेल्या गोष्टीला साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘मी दहा वर्षं पुण्यात राहतो’. इंग्रजीत मागे सुरू होऊन आजपर्यंत आलेल्या गोष्टीला ‘हॅव’ लागतो: ‘आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर टेन इयर्स’. त्यातून ‘हॅव’ काढा, आणि आपण पुणे सोडल्याचे ऐकणाऱ्याला कळेल!

याच्याच जोडीला आपला ‘पासून’. ‘तीन दिवसांपासून’ आणि ‘सोमवारपासून’ या दोहोंना आपल्याला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत दोन लागतात. किती काळ, हे सांगायचे असेल तर ‘फॉर’. केव्हा सुरुवात झाली, हे सांगायचे असेल तर ‘सिन्स’. म्हणजे ‘फॉर थ्री डेज’, पण ‘सिन्स मंडे’.

क्रियापदाचे रूप एका काळाचे आणि अर्थ दुसऱ्याच काळाचा, हा खेळ दोन्ही भाषा खेळतात. फक्त डाव वेगवेगळे. खालून कोणी हाक मारली तर आपण ‘आलोच!’ म्हणतो, आणि पाय अजून घरातच असतात. येथे ‘आय केम’ चालणार नाही. ‘आय अ‍ॅम कमिंग’ म्हणा. ‘उद्या पाऊस आला तर सामना होणार नाही’ यात उद्याच्या पावसाला आपण भूतकाळाचे रूप देतो. इंग्रज त्याला वर्तमानकाळाचे देतो: ‘इफ इट रेन्स टुमारो’. शब्दाला शब्द ठेवणारा विद्यार्थी येथे एक तर ‘रेन्ड’ लिहितो, नाही तर भविष्यकाळ दिसला म्हणून ‘विल’ घुसडतो. असल्या वाक्यात ‘इफ’च्या मागोमाग दोन्ही नकोत.

‘आय अ‍ॅम नोइंग’, ‘आय अ‍ॅम हॅविंग टू सन्स’ ही वाक्ये आपल्याकडे जागोजागी ऐकू येतात. माहीत असणे, जवळ असणे या क्रिया नव्हेत, स्थिती आहेत. त्यांना ‘इंग’ लावू नये. पण बोलताना कोणी लावला, तर त्याला हसण्याचेही कारण नाही.

राहिला प्रश्न विचारण्याचा. आपले काम ‘का’ने भागते: ‘तू गेलास. तू गेलास का?’ इंग्रजीला त्यासाठी ‘डू’ मदतीला बोलवावा लागतो, आणि भूतकाळाची खूण तोच अंगावर घेतो. ‘डिड’ झाला, की मुख्य क्रियापद मोकळे: ‘डिड यू गो?’ खूण एकदाच करायची, म्हणून ‘डिड यू वेंट’ चूक. नकारातही तेच, ‘आय डिडन्ट गो’. सरावासाठी रोज रात्री पाच वाक्ये लिहा, दिवसभरात खरोखर घडलेल्या गोष्टींची. प्रत्येक वाक्यात वेळेचा शब्द आधी ठरवा आणि मग क्रियापदाला हात घाला. दुसऱ्या दिवशी त्याच पाच वाक्यांचे प्रश्न करा, तिसऱ्या दिवशी नकार. तक्ता तोपर्यंत मिटलेलाच राहू द्या.