मूल हात का उगारतं?

मुलाने भावंडाला मारलं की आपण लगेच म्हणतो, "हा आहेच तापट!" पण जरा थांबा. १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी ३ ते ६ वर्षांच्या ७२ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींसमोर मोठ्या माणसाने हवेच्या बाहुल्याला बदडलं. त्यातल्या अनेकांनी नंतर तसंच केलं, तेच शब्दही उच्चारले. म्हणजे मारणं बघूनही शिकलं जातं. तरी सगळी मुलं सारखी वागली नाहीत. प्रत्येक मनाचा एक कोपरा आपल्याला न उलगडलेलाच राहतो. म्हणून शिक्का मारण्याआधी विचारा, "काय झालं, बाळा?" मारणं चूकच, हे ठामपणे सांगा, पण त्याचंही ऐका. आणि रागात आपण घरी कसे वागतो, तेही तपासा.