समुद्रपक्षी आणि अविनाशी कचरा

समुद्र कोणाचेही काही ठेवून घेत नाही, असे किनाऱ्यावरची जुनी माणसे म्हणत. प्लॅस्टिकच्या बाबतीत या म्हणण्याचा प्रत्यय विलक्षण रीतीने येतो. मनुष्यवस्तीतून वाहून गेलेला कचरा अगदी दूरच्या बेटांवर जाऊन पोचतो. आणि तो तेथे नेण्याचे काम केवळ लाटाच नव्हे, तर पक्षीही करतात.

पॅसिफिक महासागरात, होनोलुलूच्या वायव्येस सुमारे २,००० किलोमीटरांवर, मिडवे नावाचे प्रवाळद्वीप आहे. लेसन अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्यांची जगातील सर्वांत मोठी वसाहत येथेच आहे. सुमारे दोन मीटर पंखविस्ताराचा हा पक्षी वर्षाकाठी फार तर एकच अंडे घालतो. पिल्लू उडू लागेपर्यंत पाच महिन्यांहून अधिक काळ लोटतो. तोवर आईबाप समुद्रावर दूरवर भ्रमण करून अन्न मिळवितात आणि परत येऊन ते आपल्या पोटातून पिल्लाच्या चोचीत ओततात.

हे अन्न म्हणजे मुख्यतः माकूळ आणि उडत्या माशांची अंडी. उडते मासे आपली अंडी तरंगत्या वस्तूंना चिकटवितात. त्यामुळे अंड्यांबरोबर एखादी काटकी वा पीसही पोटात जाई. त्याने सहसा बिघडत नसे. कारण माकुळाच्या टणक चोचींसारखे न पचणारे पदार्थ पिल्लू उडण्यापूर्वी ओकून टाकते. जे तरंगते ते गिळण्याजोगे, हा या पक्ष्याचा ठोकताळा युगानुयुगे खरा ठरत आला. आता त्याच पाण्यावर बाटल्यांची झाकणे, सिगारेटचे लायटर आणि दात घासण्याचे ब्रश तरंगतात. पक्ष्याची रीत बदलली नाही, समुद्र बदलला.

पिल्लाच्या जठरात प्लॅस्टिक साचले, की अन्नपाण्याला जागा उरत नाही. तीक्ष्ण तुकड्यांनी आतून इजाही होते. काही पिल्ले ते ओकून टाकतात, काहींना ते साधत नाही. मेलेल्या पिल्लाचा देह मातीस मिळतो. त्याच्या पोटातील रंगीबेरंगी ढीग मात्र तसाच उरतो.

ही गोष्ट अलीकडेच कळली असे नाही. १९६६ साली हवाई द्वीपसमूहाच्या वायव्य भागात १०० मृत लेसन अल्बट्रॉस तपासण्यात आले, तेव्हा त्यांपैकी ७४ पक्ष्यांच्या पोटांत प्लॅस्टिक आढळले. केन्यन आणि क्रिडलर यांनी हे १९६९ साली प्रसिद्धही केले. परंतु इशारा मिळाला म्हणून उत्पादन थांबले नाही. १९५० साली जगात सुमारे २० लाख टन प्लॅस्टिक तयार होत असे. २०१५ साली ते सुमारे ३८ कोटी टनांवर गेले. न कुजणे हा ज्या पदार्थाचा गुण म्हणून वाखाणला गेला, तोच समुद्रात त्याचा दोष ठरला. सूर्यप्रकाशाने त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. पण कणही प्लॅस्टिकच राहतात.

हा बदल किती अल्पावधीत घडला, याची एक जिवंत साक्ष मिडवेवर आहे. १९५६ साली चँडलर रॉबिन्स या पक्षिशास्त्रज्ञांनी तेथील एका मादीच्या पायात ओळखीचे कडे घातले. ‘विज्डम’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या त्या मादीने, वय किमान ७४ वर्षे मानले जात असताना, २०२४ साली पुन्हा अंडे घातले. एका पक्ष्याच्या आयुष्यात हे सारे घडून आले.

हा कचरा समुद्रात दिसत असला, तरी त्याचा बराचसा भाग जमिनीवरून, गटारे आणि नद्या यांच्या वाटेने येतो. म्हणून उपायही जमिनीवरच करावा लागेल. भारतात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या काही प्लॅस्टिक वस्तूंचे उत्पादन, विक्री आणि वापर यांस मनाई आहे. जागतिक करारासाठी जिनिव्हा येथे भरलेली परिषद मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये निर्णयाविना संपली. कायदे होतील तेव्हा होवोत, आणि त्यांची अंमलबजावणी शेवटी बाजारात व घरातच व्हावयाची आहे. अल्बट्रॉसला अन्न आणि कचरा यांतील भेद करता येत नाही. मनुष्याला तो करता येतो.