लाल झुडपाचा चहा आणि दीड टक्क्याचा हिशेब

वर्षावासात अष्टशील घेणाऱ्या आमच्या विहारातील उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. संध्याकाळी बिनदुधाचा चहा तेवढा घेतात. मग रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, ही वडीलधाऱ्या आयाबायांची नेहमीची तक्रार. दोष उपोसथाचा नाही, चहातील कॅफिनचा आहे. म्हणून या वर्षी आम्ही त्यांच्यापुढे निराळा चहा ठेवला. रंग लाल, चव किंचित गोडसर, कॅफिन मुळीच नाही. नाव रॉइबोस. एका आजींनी कप हातात घेण्याआधीच विचारले, "बाबा, हा पिकवतो कोण?" प्रश्न लाखमोलाचा होता.

रॉइबोस म्हणजे आफ्रिकान्स भाषेत लाल झुडूप. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या उत्तरेला सेडरबर्गचे डोंगर आहेत, तिथल्या रेताड जमिनीत ते वाढते. आपल्या नेहमीच्या चहाच्या झाडाशी त्याचे काही नाते नाही. ते शेंगवर्गातले, म्हणजे आपल्या तूर-हरभऱ्याच्या भावकीतले. पाने सुईसारखी, फुले पिवळी. झाडावर पाने हिरवीच असतात. फांद्या कापून, बारीक तुकडे करून ठेचतात आणि पाणी मारून ढीग घालतात. काही तासांत ढीग तापतो, पाने विटकरी होतात, गोड वास सुटतो. मग उन्हात पसरून वाळवतात.

ही विद्या खोई आणि सान या तिथल्या मूळ रहिवाशांची. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांच्या जमिनी घेतल्या आणि पुढे चहाही घेतला. १९०४ मध्ये बेंजामिन गिन्सबर्ग या व्यापाऱ्याने डोंगरातल्या लोकांकडून तो विकत घेऊन बाजारात आणला. १९३० च्या सुमारास डॉ. नॉर्टिए यांनी लागवडीचे प्रयोग केले, पण बी मिळेना. शेंग वाळली की फुटते आणि बारीक बी मातीत उडून जाते. अशी हकीकत सांगतात की एक खोई स्त्री मात्र भरपूर बी आणून देई. ती मुंग्यांच्या मागे जाऊन त्यांच्या वारुळातून साठवलेले बी काढत असे. लागवड यशस्वी झाली, डॉक्टरांना विद्यापीठाने सन्मानाची पदवी दिली. मुंग्यांची वाट ओळखणाऱ्या बाईला पदवी कोण देणार?

वर्णभेदाची राजवट १९९४ साली संपली, तरी रॉइबोसची बहुतेक जमीन गोऱ्या शेतकऱ्यांकडेच राहिली. २०१० पासून सान आणि पुढे खोई संघटनांनी सरकारकडे व व्यापाऱ्यांकडे आपला हक्क मागितला. ही विद्या यांचीच, असे सरकारने करवून घेतलेल्या अभ्यासातही २०१४ मध्ये निघाले. तरी वाटाघाटी चालूच. अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये करार जाहीर झाला. शेतावरच्या भावाच्या दीड टक्का रक्कम दोन्ही समाजांना मिळणार.

आम्ही पडलो कारकून, आकडा दिसला की मांडून बघतो. शेतावर शंभर रँडचा माल विकला तर दीड रँड, त्याची दोघांत वाटणी, म्हणजे प्रत्येकी पाऊण रँड. परदेशी दुकानात डब्याची जी किंमत लागते तिच्यावर काही नाही. रक्कम तुटपुंजीच आहे. तरीही २०२२ मध्ये पहिला हप्ता १ कोटी २२ लाख रँडचा आला. आणि ज्ञान कोणाचे, हे कागदावर सहीनिशी मान्य झाले. बाभळीच्या सालीने चामडे कमावण्याची विद्या पिढ्यान्पिढ्या ज्यांच्या हातात होती त्यांच्या वाट्याला आपल्याकडे विटाळ आला, टक्का कोणी दिला नाही.

आता करण्याची रीत. एका कपाला एक सपाट चमचा पत्ती घ्यावी. पाणी खळखळ उकळू द्यावे, पत्ती टाकून आच मंद करावी आणि पाच ते सात मिनिटे उकळावे. आपल्या चहासारखा हा जास्त उकळल्याने कडू होत नाही, कारण यात टॅनिन कमी. सुया बारीक असतात, म्हणून गाळण्यात फडके घालावे. उपोसथाला बिनदुधाचाच घ्यावा. एरवी दूध गाळल्यावर घालावे, गूळ घालायचा तर तो दूध घालण्याआधी विरघळवावा.

आणखी एक गोष्ट भगिनींसाठी. जेवणाबरोबर साधा चहा घेतल्याने अन्नातले लोह अंगाला कमी लागते. ज्यांना रक्त कमी असल्याचे सांगितले आहे त्यांनी ती सवय तरी मोडावी. मात्र रॉइबोसने मधुमेह जातो, रक्तदाब उतरतो असे कोणी सांगितले तर गोळ्या बंद करू नयेत.

शहरातल्या मोठ्या दुकानांत हा मिळतो, पण साध्या चहापेक्षा महाग पडतो. रोज परवडणार नाही. त्यांच्यासाठी दारातला गवती चहा आहेच, त्यातही कॅफिन नसते. फक्त त्यात सवयीने चहापावडर टाकू नये, नाहीतर रात्र पुन्हा जागीच.

आजींना आम्ही हे सगळे सांगितले. त्यांनी कप संपवला आणि म्हणाल्या, "पुढच्या पौर्णिमेला आणशील तर आलं घाल."