माळ्यावरच्या कॅसेटमधला प्रोग्राम

पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ साली ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लसची परवाना घेतलेली आवृत्ती भारतात आणली. तिचं नाव डीबी स्पेक्ट्रम प्लस. ४८ केबी मेमरी, पडदा म्हणून घरचाच टीव्ही आणि प्रोग्राम साठवायला साधा टेपरेकॉर्डर. १९९० पर्यंत अशी काही हजार यंत्रं विकली गेली, मग मागणी ओसरली.

त्या काळचे गाजलेले खेळ जगभरच्या हौशी मंडळींनी केव्हाच जतन करून ठेवलेत. पण शाळकरी वयात तुम्ही स्वतः बेसिकमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामची दुसरी प्रत कुठेच नसते. म्हणून माळा उपसलात तर हाताने नाव लिहिलेली कॅसेट आधी उचला.

तिच्यावर आहे तो निव्वळ आवाज. शून्यासाठी सुमारे २,०४७ हर्ट्झची एक लहर, एकासाठी जवळपास निम्म्या वारंवारतेची. आधी लांबलचक एकसुरी शिट्टी, मग प्रोग्रामचं नाव आणि लांबी सांगणारा १७ बाइटांचा मथळा, त्यानंतर खुद्द प्रोग्राम. प्रत्येक भागाच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो. तो जुळला नाही, तर मधे कुठेतरी वाचण्यात चूक झाली हे नक्की.

टेपरेकॉर्डरच्या हेडफोन सॉकेटमधून पीसीच्या लाइन-इनला वायर जोडा आणि ऑडॅसिटीत ४४,१०० हर्ट्झवर डब्ल्यूएव्ही फाइल रेकॉर्ड करा. एमपी३ नको, आणि खरखर काढणारा फिल्टर तर मुळीच नको. गाण्याला तो उपकारक असेल, इथे लहरींचा आकारच बिघडवतो. मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं जपून ठेवा.

खरी मेख असते टेपरेकॉर्डरच्या हेडमध्ये. हेडच्या बाजूला स्प्रिंग बसवलेला एक बारीक स्क्रू असतो. हेड किंचित तिरकं असलं की शिट्टी बोदी, दबलेली ऐकू येते. कॅसेट चालू ठेवून तो स्क्रू अगदी हलक्या हाताने फिरवावा. एका जागी आवाज एकदम धारदार होतो, तिथेच थांबावं. न वाचणारी कॅसेट कायमची गेली असं ठरवण्याआधी एवढं जरूर करून पाहा. टेपवर बुरशी दिसली, तर मात्र साफ केल्याशिवाय ती चालवू नका.

पुढचं सोपं आहे. ऑडिओटूटेपसारखी मोफत साधनं त्या डब्ल्यूएव्हीतून टॅप किंवा टीझेडएक्स फाइल काढतात आणि फ्यूज या एम्युलेटरमध्ये प्रोग्राम पीसीवरच चालतो.

उलटा प्रवासही जमतो. टॅप फाइलचा पुन्हा आवाज करून तो पीसीच्या हेडफोन सॉकेटमधून स्पेक्ट्रमच्या 'ईअर' सॉकेटला द्यायचा. आवाज बराच मोठा लागतो. वायरची पिन मोनो हवी. लोडची आज्ञा दिली की शिट्टीबरोबर पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे हलू लागतात, मजकूर सुरू होताच ते निळे-पिवळे होतात. पट्टे आलेच नाहीत, तर आधी आवाज वाढवून बघा.